खोबणीतलं कुंकू

सातपूर, नाशिक
१४ जुलै २०२५

सायली,

वर 'चि.' लिहिलेलं नाही. विसरलो म्हणून नाही. आशीर्वादही राखून ठेवलेत.

परवा फोनवर मी आवाज चढवला आणि तू माझा नंबर ब्लॉक केलास. हरकत नाही. कागद ब्लॉक होत नाही. मुंबईच्या फ्लीट मेल ऑफिसचा तुझा पत्ता आईनं देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर चिकटवलेला आहे, त्यावर पाठवतोय. जहाज कुठं आहे ते विचारणार नाही. तुझं उत्तर मला पाठ आहे: सांगता येत नाही. नेव्हीत जाऊन तू दुसरं काय शिकलीस ते माहीत नाही, पण हे एक वाक्य पक्कं शिकलीस.

पहिल्या सुट्टीत तू जेवताना आईला वाट्या एकात एक घालून समजावत होतीस. जहाजाच्या डेकखाली उभ्या नळ्या असतात, नळीत बंद डबा, डब्यात मिसाईल. डब्यात नायट्रोजन भरून ठेवतात, म्हणजे समुद्राची दमट हवा आत शिरत नाही आणि मिसाईल वर्षानुवर्षं आहे तसं राहतं. आईनं विचारलं होतं, "लोणच्याच्या बरणीवानी का?" तू हसून हो म्हणालीस. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या गाळ्यावर आलीस, रॅकवरची आपली स्टीलची रिंग उचललीस, आतल्या खोबणीतून बोट फिरवलंस आणि पटकन खाली ठेवलीस. मी विचारलं, "ओळखीची आहे का गं?" सांगता येत नाही. मला तर ड्रॉइंगवर फक्त नंबर येतो. वस्तू कुठं बसते ते मी तुझ्या तोंडाकडे बघून ओळखलं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी घरी जाताना मी दोन किलो जिलेबी नेली होती.

आता नोटीस आली आहे. ज्या मोठ्या कंपनीला आपण रिंगा देतो तिची. एका युद्धनौकेवरच्या एका डब्यातला दाब उतरत होता. डबा बंदरात उतरवून उघडला, तेव्हा आपल्या रिंगेच्या खोबणीत, रबरी ओ-रिंगच्या खाली, लालसर तपकिरी थर सापडला. पहिल्या अहवालात 'गंज' असं लिहिलं होतं. तेवढ्यावर राहिलं असतं. पण तिथं हजर असलेल्या एका अग्निवीर मुलीनं लेखी दिलं की हा गंज नव्हे, हे कुंकू आहे, आणि ते लावणारी बाई माझी आई आहे. 'पुरवठादाराची सख्खी बहीण' असं नोटिशीत तुझं वर्णन आहे. 'सख्खी' वाचून मला हसू आलं.

याचा अर्थ तुला कळतो ना? कुंकू ठरलं की निष्काळजीपणा ठरला. निष्काळजीपणा ठरला की मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीतून आपलं नाव जातं, आणि गेलेलं नाव पुन्हा येत नाही. या एका कामासाठी मी बाकीची सगळी गिऱ्हाइकं सोडली. गाळा त्याच्यावर उभा आहे. तो गाळा, जो आईनं दुसऱ्याच्या कारखान्यात प्रेसवर राबून, उजव्या हाताच्या अनामिकेचं पेर गमावून उभा केला. त्याच गाळ्याच्या पैशावर तू बारावी झालीस.

पुढच्या दोन महिन्यांत ते लोक चौकशीला गाळ्यावर येतील. त्याआधी तू एवढंच लिहून दे की डाग नक्की कसला ते मला सांगता येत नाही. तुझंच लाडकं वाक्य आहे. आजवर माझ्यावर फुकट वापरलंस, एकदा माझ्यासाठी वापर.

संतोष


३० जुलै २०२५

सायली,

तुझं चार ओळींचं उत्तर मिळालं. "दादा, थर सपाट आणि तिरका होता. तुटक्या बोटाचा. तू पाहिला असतास तर तूही ओळखला असतास. पुसायचं कसं राहिलं?"

वा. आईची तब्येत कशी आहे, पाऊस कसा आहे, काही नाही. थेट उलटतपासणी. गणवेश अंगावर चढला की भाऊ आरोपी दिसायला लागतो वाटतं.

तर ऐक, मॅडम. गेल्या वर्षीचा दसरा. तू नव्हतीस, तुला काय माहीत घरावर काय असतं ते. आपल्या मखमलाबादच्या मळ्यातला झेंडू पहाटे तोडून मी द्वारका चौकात टेम्पो लावून उभा होतो. दसऱ्याचा भाव एकच दिवस असतो. इकडे गाळ्यावर आईनं मशिनींची पूजा केली, नेहमीसारखी. लेथला हार, ड्रिलला हार, आणि रॅकवर तयार माल होता त्यालाही कुंकू. तेलकट लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून ती तेलात कालवते, आणि वर लावलं तर ओघळतं म्हणून खोबणीत टेकवते. हे तुलाही माहीत आहे. लहानपणी ताम्हन तूच धरायचीस. त्यात नवीन काही नाही, दर वर्षीचंच आहे. मी दुपारी आलो तर ट्रकवाला दारात हॉर्न वाजवत उभा. दोन्ही पेट्या चढवल्या आणि त्याला वाटेला लावलं. पुसणं-बिसणं सगळं नेहमीप्रमाणे झालं होतं.

आणि समजा एखाद्या रिंगेत कणभर राहिलं. तिकडे रिंग बसवणाऱ्याला डोळे नव्हते? त्यानं पुसून घ्यायला नको? त्यांच्या तपासनिसानं काय बघितलं? एवढ्या सगळ्यांच्या हातून गेलं ते गेलं, आणि फासावर कोण, तर सातपूरचा संतोष.

म्हणून सांगतो, 'गंज' हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा आहे. गंज म्हटलं की प्रश्न स्टीलचा होतो. स्टील काय मी मळ्यात पिकवतो? ज्यानं दिलं त्याला विचारा. तो दाखवेल त्याची सर्टिफिकिटं.

आई मजेत आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पावसामुळे माल थांबलाय असं सांगितलंय. तूही तोंड उघडू नकोस.

संतोष


९ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्या शिव्यांसाठी नाही. 'दोन्ही पेट्या' या शब्दांसाठी.

दसऱ्याच्या दिवशी गाळ्यातून दोन पेट्या गेल्या? इथं सगळे एकाच पेटीबद्दल बोलतायत. दुसरीत काय होतं? थोड्या लहान तोंडाच्या, खोल खोबणीच्या रिंगा होत्या का? त्याही मी रॅकवर पाहिल्या होत्या. त्या कुठं बसतात ते मी लिहिणार नाही. पण तुला कळावं म्हणून जे कुठल्याही पुस्तकात सापडेल एवढंच लिहिते. पाणबुडी पाण्याखालून मिसाईल सोडते तेव्हा तेही बंद कुपीतूनच बाहेर पडतं. जहाजावर झाकण गळलं तर हवा आत जाते. पाणबुडीत गळलं तर समुद्र आत जातो. आणि पाणबुडीत जागा इतकी कमी असते की त्या कुप्यांच्या शेजारीच बंक टाकून माणसं झोपतात.

इथं 'गंज' लिहिलं गेलं तर हे लोक काय करतील? स्टीलचा तो लॉट शोधतील, त्या बारच्या सळयांमधून निघालेल्या रिंगा काढतील. दसऱ्याच्या दिवशीची दुसरी पेटी कुणीही उघडणार नाही. कारण तीही त्याच पूजेतली होती हे फक्त आपल्या घराला माहीत आहे.

आणि 'ज्यानं दिलं त्याला विचारा' म्हणजे कुणाला, दादा? नाव लिहायचं टाळलंस. धम्मपालदादाला ना? त्याचं स्टील खोटं ठरवायचं? तो दसऱ्याला दर वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर असतो, आपल्या पूजेच्या वेळी तो गाळ्यात नसतोच. ज्या दिवशी तो गावात नव्हता त्या दिवसाचं पाप त्याच्या माथी मारतोस?

जबाब मागे घेणार नाही. मी पुरवठादाराची बहीण आहे हे मीच सांगितलं, म्हणून चौकशी होईपर्यंत मला मिसाईलच्या कामावरून काढून भांडारात बसवलंय. चार वर्षांनी आम्हा अग्निवीरांपैकी चौघांतल्या एकालाच ठेवतात. मला ठेवतील असं वाटत नाही. हे तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तू एकटाच भोगतोयस असं तुला वाटतं, म्हणून लिहिते.

दुसऱ्या पेटीचं त्यांना सांग. तुझ्या तोंडून गेलं तर तुझी लाज राहील.

सायली


२० ऑगस्ट २०२५

सायली,

लाज! तू मला लाज शिकवणार.

दुसरी पेटी बिटी काही नव्हती. बोलायच्या ओघात माणूस 'दोन्ही' लिहितो. असली तरी ती दसऱ्याचीच कशावरून, आदल्या दिवशीचीही असेल. आणि असलीच त्या दिवशीची, तरी त्यात कुंकू राहिलंच असेल हे तुला कुणी सांगितलं? तुझं जहाज वेगळं, ती पाणबुडी वेगळी, तुझा काय संबंध? देशाची काळजी करायला मोठमोठे साहेब बसलेत. तुला भांडारात बसवलंय ना, तिथं साबणाच्या वड्या मोज.

धम्मपालबद्दल तुला पुळका येणारच. तू घर सोडून ट्रेनिंगला निघालीस तेव्हा नाशिकरोड स्टेशनवर तुला सोडायला तो आला होता, मी नव्हतो. हे तू आयुष्यभर माझ्या डोक्यात मारणार आहेस. मी नव्हतो, कारण मी तुला जाऊ नको म्हणालो होतो. गाळ्यातलं मोजमापाचं मशीन मी तुझ्यासाठी घेतलं होतं. तुझी नजर बारीक म्हणून. त्यावर आता जाड्या काचेचा चष्मा लावून मी बसतो आणि आकडे दोनदोनदा बघतो. तू असतीस तर त्या दिवशी त्या रिंगा तुझ्या नजरेखालून गेल्या असत्या. मग सांग, दोष कुणाचा?

धम्मपालला फार काही होणार नाही. त्याची गिऱ्हाइकं दहा आहेत, माझं एक आहे. त्याच्याविरुद्ध एक कागद निघेल, तो वरच्या डीलरवर ढकलेल, डीलर कारखान्यावर ढकलेल. असंच चालतं. बाजारात कुणी मरत नाही. मी मात्र मरेन. माझ्याकडे कामाला असलेल्यांच्या घरी जाऊन तू सांगणार आहेस का, की तुमच्या मालकाच्या बहिणीला कुंकवाची शुद्ध मराठी व्याख्या करायची होती?

उज्वला म्हणते, सायलीला एवढं लागट लिहू नका. तुझ्या वहिनीचं मन मोठं आहे. माझं नाही.

पुन्हा सांगतो, आईला कळता कामा नये. तिच्या हातानं हे झालं असं तिला कळलं तर ती अन्न सोडेल. तुझा जबाब म्हणजे आईवरचा आरोप आहे, हे तरी तुझ्या डोक्यात शिरतंय का?

संतोष


१२ सप्टेंबर २०२५

येत्या गुरुवारी, अठराला, येतायत. कंपनीचे दोघं आणि नेव्हीकडून एक मॅडम. धम्मपाललाही बोलावलंय. माझं बोलणं ठरलेलं आहे. तू मधे तोंड घालू नकोस, आईला फोन करू नकोस.

संतोष


१९ सप्टेंबर २०२५

सायली,

तू आईला फोन केला नाहीस. उज्वलानं आईचा मोबाईल तपासला, मीच तपासायला सांगितला होता. फोन केला असतास तर बरं झालं असतं. शिव्या द्यायला जागा राहिली असती.

काल काय झालं ते लिहितो. तुला कळणारच आहे, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

ते लोक अकरा वाजता आले. मी टेबल पुसून, बिसलेरीच्या बाटल्या मांडून बसलो होतो. धम्मपाल इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल काखेत धरून कोपऱ्यात उभा. बस म्हटलं तरी बसेना. त्याला नीट माहीत नव्हतं कशाला बोलावलंय. मला म्हणाला, "संतोषभाऊ, काय पण असलं तर आधी मला सांगायचं ना." मी पाणी पीत बसलो.

मॅडम तुझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. मराठी येत होतं, बोलल्या मराठीतच. मी सुरू केलं. स्टेनलेसला गंज येत नाही, आला म्हणजे माल हलका. आम्ही सर्टिफिकिटावर विश्वास ठेवतो, आत काय आहे ते आम्हाला कुठं दिसतं? असं व्यवस्थित, पाठ केलेलं. धम्मपाल माझ्याकडे बघत होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. त्यानं एकदाच तोंड उघडलं, "हा बार हलका नाय साहेब, पाहिजे तर परत तपासा, माझ्या खर्चानं तपासा." कंपनीचे दोघं मान हलवत लिहून घेत होते. त्यांनाही गंजच पाहिजे होता, ते दिसत होतं. मला वाटलं, जमलं.

आई मागच्या बाकावर बसून नेहमीसारखी रिंगांचे बर काढत होती. कडेला राहिलेली धार कानशीनं घासायची, तेच तिचं रोजचं. मी तिला त्या दिवशी घरी थांब म्हणालो होतो. ती म्हणाली, पावसाचा थांबलेला माल आता जाईल, घरी कशाला थांबू? माझंच खोटं माझ्या अंगावर आलं.

मॅडमनी फोटो टेबलावर ठेवला. खोबण, आणि खोबणीत तो डाग, मोठा करून काढलेला. मग त्या आईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही या रिंगा रोज हाताळता. हे काय असेल?" मी मधे म्हणालो, तिला यातलं काही कळत नाही. मॅडम म्हणाल्या, "त्यांनाच बोलू द्या."

आईनं हात पदराला पुसले. चष्मा लावला. फोटो उजेडात धरला. आणि सायली, ती हसली. ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तशी.

"हे माझं बोट हे," म्हणाली. आपली तुटकी अनामिका तिनं फोटोवर त्या डागाशेजारी टेकवली. तसाच तिरका, तसाच चपटा. "दसऱ्याचं कुंकू हे. पर हे अजून इथं कसं काय?"

कंपनीच्या माणसानं पेन बंद केलं. मी म्हणालो, "आई, तू जा, चहाचं बघ." ती गेली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, धम्मपालकडे बघितलं, त्याच्या काखेतली फाईल बघितली. ती शाळेत गेली नाही, पण तिला माणसांचे चेहरे वाचता येतात, हे आपण दोघंही लहानपणापासून भोगलंय.

"गंज म्हनत व्हता का तू?" तिनं मला विचारलं.

मी बाटल्यांची टोपणं घट्ट करत बसलो.

मग ती मॅडमना म्हणाली, "बाई, मी तं दरसाल लावते. माझ्या सासरी नांगराला लावायची, हितं मशिनीला लावते. मी लावायचं आन् यानं थिनरनं पुसायचं, आन् मंग पेटीत घालायचं, असं ठरलेलं हे. त्या दिशी हा द्वारकेला झेंडू विकीत व्हता. लय उशिरानं आला. ट्रकवाला खोळंबला व्हता. मी म्हनले, पुसून घे रं. हा म्हनला, पुसलंय. मी लावलेलं मी नाय म्हनत नाय. पर पुसलं कुनी, ते याला इचारा."

धम्मपाल जमिनीकडे बघत होता, माझ्याकडे नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मॅडमनी विचारलं, "मावशी, त्या दिवशी इथून किती माल गेला?"

मी आईकडे बघितलं. नको, असं डोळ्यांनी म्हणालो. मी ते केलं, लिहायला लाज वाटत नाही.

"दोन पेट्या," आई म्हणाली. "एक मोठ्या तोंडाच्या, एक बारीक तोंडाच्या. दोन्हीला लावलं व्हतं. सगळ्यांना लावते मी, एक बी सोडत नाय."

मॅडम तिथल्या तिथं उठल्या आणि फोन घेऊन दाराबाहेर गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला होता, आणि त्यांनी चहा घेतला नाही.

आपलं काम थांबवलंय. यादीतून नाव काढलं की नाही ते ठरायचं आहे, पण तोवर एक बार आत येणार नाही, एक रिंग बाहेर जाणार नाही. धम्मपाल जाताना आईच्या पाया पडला आणि मला काही न बोलता गेला. रात्रीपासून फोन उचलत नाही. कामावरच्या चौघांना मी आज सकाळी घरी पाठवलं. झालं तुझ्या मनासारखं? तुझा जबाब खरा ठरला. आईनं तिच्या जबाबावर सही केली, अंगठा नाही, सही. तूच शिकवली होतीस.

तू बरोबर होतीस, असं मी लिहिणार नाही. त्याची वाट बघू नकोस.

एकच गोष्ट. आईनं अन्न सोडलं नाही. आल्यावर पोटभर जेवली. मीच जेवलो नाही, आणि तिनं मला एकदाही आग्रह केला नाही.

संतोष


२ ऑक्टोबर २०२५, दसरा

सायली,

राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी पत्र लिहितोय याचा उलटा अर्थ काढू नकोस. आईनं लिहायला बसवलंय.

यंदा द्वारकेला गेलो नाही. झेंडू मळ्यातल्या गड्याबरोबर पाठवला. गाळ्यात काम नाही, पण आईनं पूजा मांडली. बंद मशिनींनाही हार घातले. रॅकवर परत आलेल्या काही रिंगा आहेत, कुणाच्याच कामाच्या नाहीत, भंगारात जायच्या. ती त्यांच्यापुढे ताम्हन घेऊन उभी राहिली तेव्हा मी म्हणालो, "आई, आता कशाला? जाणारेत का त्या कुठं?"

ती म्हणाली, "कुठं जात नाय म्हनून काय झालं."

तिनं प्रत्येकीच्या खोबणीत बोट टेकवलं. सगळ्यांना लावून झालं, तिनं ताम्हन खाली ठेवलं, आणि खुंटीवरचं फडकं काढून, थिनरची बाटली उघडून, माझ्या हातात दिलं. शेजारी स्टुलावर बसून राहिली. मी पुसत होतो आणि ती बघत होती. पुसून झालेली प्रत्येक रिंग तिनं उजेडाकडे धरून बघितली. दोन मला परत दिल्या. मी चाळिशीकडे झुकलेला माणूस आहे, सायली, माझा स्वतःचा गाळा आहे, आणि मी भंगाराच्या रिंगा दोनदा पुसल्या.

संध्याकाळी सोनं द्यायला मी धम्मपालच्या घरी गेलो. तो नागपूरलाच असणार हे माहीत होतं, म्हणूनच गेलो असं उज्वला म्हणते. म्हणू दे. आपट्याची पानं त्याच्या आईच्या हातात दिली. तिनं घेतली. बस म्हणाली नाही.

आता आईचं काम. ती रोज एकच विचारते. त्या दिवसापासून, चहा घेताना, देवापुढे, गाळ्यावर, एकच. ती दुसरी पेटी कुठं गेली व्हती? ज्यांच्या उशाला ती होती ती माणसं कशी हायेत? उशाची गोष्ट तिला मी सांगितली. तुझं ऑगस्टचं पत्र तिला वाचून दाखवावं लागलं, सगळं. कंपनीला विचारलं, ते बोलत नाहीत. मॅडमना फोन केला, त्या नम्रपणे ठेवून देतात. मी आईला म्हणालो, सायलीला विचारून उपयोग नाही, ती काय म्हणणार ते मला माहीत आहे. ती म्हणाली, तरी इचार.

म्हणून विचारतो. आईसाठी. त्या रिंगा समुद्रात गेल्या होत्या का?

संतोष


९ ऑक्टोबर २०२५

दादा,

सांगता येत नाही.

आईला एवढंच सांग, सगळे घरी आले.

सायली